मदत हवी आहे: शाळेवरचे अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे काढायची ‘नवी पद्धत’ त्रयस्थाकडून कशी तपासून घ्यायची?

नमस्कार मंडळी,

सातारा जिल्ह्यातल्या एका गावातल्या माध्यमिक शाळेत मी शिकवते. संस्थेच्या बांधकाम समितीवरही आहे. जुन्या इमारतीतल्या सहा वर्गांवर अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे आहेत, कित्येक पावसाळे खाल्लेले. वर शेवाळ धरलंय, हुक-बोल्ट गंजून पत्र्याशी एकजीव झालेत आणि काही पत्र्यांच्या कडा इतक्या झिजल्यात की पांढरट तंतूंचे झुपके नुसत्या डोळ्यांना दिसतात. माजी विद्यार्थ्यांनी पैसे जमवलेत. दिवाळीच्या सुट्टीत हे उतरवून कलर कोटेड पत्रे टाकायचं ठरलंय.

कोटेशन मागवली तेव्हा बहुतेकांची पद्धत एकच होती: घण मारायचा, पत्रा फोडायचा, खाली टाकायचा, ट्रॉली भरून न्यायचा. ते मी समितीत हाणून पाडलं. पण एक ठेकेदार ‘नवी पद्धत’ घेऊन आला आहे. पत्र्यावर एक रसायन फवारायचं, ते रात्रभर वाळू द्यायचं, की म्हणे सगळे तंतू जागच्या जागी बांधले जातात. मग कामगारांना मास्क लागत नाही, पाणी मारावं लागत नाही, गंजलेल्या बोल्टाशी झटापट न करता ग्राइंडरने पत्रा कापून मोकळं होता येतं. आवारातली बालवाडी सुट्टीतही अर्धा दिवस चालू असते, तीही बंद ठेवायला नको. वर ‘परदेशात मान्यताप्राप्त’ असंही पालुपद आहे. समितीतल्या निम्म्याहून जास्त लोकांना हे पटलंय.

मी त्याच्याकडे मान्यतेची कागदपत्रं मागितली. तीन कागद आले. पहिलं आयएसओ ९००१ प्रमाणपत्र. ते कंपनीच्या कारभाराच्या शिस्तीबद्दल असतं, पत्रे काढण्याच्या पद्धतीबद्दल त्यात अवाक्षर नाही. दुसरं माहितीपत्रक. तिसरा प्रयोगशाळेचा अहवाल, आणि सगळा भर त्याच्यावरच आहे. तो मी ओळ न् ओळ वाचला. चाचण्या दोनच: थर पृष्ठभागाला किती घट्ट चिकटतो आणि पाणी किती शोषतो. म्हणजे छताच्या रंगाला लावायच्या कसोट्या. खाली बारीक अक्षरात, ‘नमुना ग्राहकाने पुरवलेला असून निष्कर्ष फक्त त्या नमुन्यापुरते लागू’. इथे ग्राहक म्हणजे ते रसायन बनवणारेच. पत्रा कापताना, उचलताना हवेत किती तंतू उडाले, हे कुणी मोजल्याचा पत्ताच नाही.

क्रायसोटाइल, म्हणजे या पत्र्यांत असतं ते पांढरं अ‍ॅस्बेस्टॉस, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत कर्करोगकारक म्हणून पक्कं नोंदलेलं आहे. मेसोथेलिओमासारखा रोग (फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) वीस-तीस, कधी चाळीसहून जास्त वर्षांनी वर येतो. बालवाडीतलं पोर तेव्हा कुठे असेल आणि हा ठेकेदार कुठे? म्हणून ‘आम्ही आजवर इतकी कामं केली, कुणालाही काही झालं नाही’ हा त्याचा युक्तिवाद मला मान्य नाही.

जाणकारांना विचारायचंय:

अशी पद्धत तपासून ‘हो, ही चालेल’ असं सांगणारं सरकारी किंवा त्रयस्थ कुणी आपल्याकडे आहे का? नसेल, तर आम्हीच चाचणी करून घ्यायची म्हटली तर नेमकं काय मोजायला सांगायचं? आणि इतर देशांत नव्या पद्धतीला मान्यता कोण देतं? समितीसमोर ‘परदेशात मान्यता’ या शब्दांना उत्तर द्यायचंय, म्हणून हा तिसरा प्रश्न.

प्रतिसाद

ताई, कारखान्यांत हवेतली धूळ मोजण्याचं काम बरीच वर्षं केलंय, त्यावरून सांगतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. आपल्याकडे अ‍ॅस्बेस्टॉस काढणाऱ्यांना परवाना देणारी वेगळी व्यवस्थाच नाही, मग पद्धतीला मान्यता कोण देणार? क्रायसोटाइल आयात करून पत्रे बनवणं आजही चालू आहे. अ‍ॅस्बेस्टॉसच्या कचऱ्याच्या विल्हेवाटीसाठी आयएस ११७६८ हे भारतीय मानक १९८६ पासून आहे, पण ती मार्गदर्शक तत्त्वं आहेत. ती एखाद्या ठेकेदाराच्या रसायनावर शिक्का मारत नाहीत.

मोजायचं काय? काम करणाऱ्या माणसाच्या कॉलरला, नाकातोंडाजवळ, छोट्या पंपाचा फिल्टर लावतात. ठरलेला वेळ हवा ओढून घेतात आणि फिल्टरवरचे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. ५ मायक्रॉनपेक्षा लांब, ३ मायक्रॉनपेक्षा बारीक आणि रुंदीच्या निदान तिप्पट लांबीचे तेवढे धरायचे. आयएस ११४५० मध्ये ही पद्धत दिली आहे. यात एक गोम आहे. साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाला अ‍ॅस्बेस्टॉसचा तंतू आणि दुसरा तंतू यांतला फरक कळत नाही, आणि फार बारीक तंतू दिसतच नाहीत. शंका असेल तिथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो.

प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त आहे एवढ्यावर थांबू नका. ती मान्यता एकेका चाचणीपुरती असते. एनएबीएलच्या संकेतस्थळावर त्या प्रयोगशाळेची व्याप्ती, म्हणजे मान्यता असलेल्या चाचण्यांची यादी, उघडून ‘हवेतले अ‍ॅस्बेस्टॉस तंतू’ त्यात आहे का ते बघा. सल्ल्यासाठी मुंबईत शीवला केंद्रीय श्रम संस्था आहे, अहमदाबादला राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे. दोन्हीकडे संस्थेच्या लेटरहेडवर पत्र टाका.

आणि प्रयोगशाळेला काम तुम्ही द्या, पैसे तुम्ही द्या, अहवाल तुमच्या पत्त्यावर येऊ दे. ठेकेदारामार्फत काहीही नको.

प्रतिसाद

मी नेदरलँड्समध्ये राहतो. तिसऱ्या प्रश्नाबद्दल थोडं.

इथे १९९३ पासून अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी आहे, पण जुन्या इमारतींत ते भरपूर उरलंय, त्यामुळे काढण्याचा मोठा उद्योग आहे. आधी पाहणी होते, आणि ती करणारा काढणाऱ्यापेक्षा वेगळा असतो. कोणतं काम किती धोक्याचं हे ठेकेदार ठरवत नाही. स्मार्ट नावाच्या संगणकीय साधनातून जोखमीचा वर्ग निघतो आणि त्यावरून बंदोबस्त किती ते ठरतं. कुणी नवं तंत्र आणलं आणि म्हणाला की याला कमी बंदोबस्त पुरे, तर प्रत्यक्ष कामावर हवेची मोजमापं करून ते सिद्ध करावं लागतं. इथली कामाच्या जागेची मर्यादा घनमीटरला २००० तंतू, म्हणजे मिलीलीटरला ०.००२. तुलनेसाठी, आपल्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या दुसऱ्या परिशिष्टात क्रायसोटाइलची मर्यादा मिलीलीटरला १ तंतू अशी होती. पाचशे पट!

फ्रान्समध्ये तर आणखी काटेकोर आहे. प्रत्येक ‘प्रक्रिया’, म्हणजे कुठला माल, कुठलं तंत्र आणि धूळ दाबायचा कुठला उपाय यांची सांगड, कंपनीला आधी चाचणीच्या कामावर मोजावी लागते आणि मग आणखी तीन कामांवर पडताळावी लागते. शिवाय नव्या शोधांचं मूल्यमापन करायला सेव्हालिया नावाची तज्ज्ञांची समिती नेमली गेली.

तेव्हा ‘परदेशात मान्यता’ म्हणणाऱ्याला विचारा: कुठल्या देशात, कुणाची, कुठल्या मालासाठी आणि मोजमापाचा अहवाल कुठे आहे? खरी मान्यता नेहमी बारीक अटींसकट असते. ‘अमुक पत्रा, अमुक तऱ्हेने, न फोडता’ अशी. ‘मास्क नको, ग्राइंडर चालेल’ असं सरसकट लिहिलेलं मी तरी कुठे पाहिलेलं नाही.

प्रतिसाद

एवढा बाऊ कशाला? आमच्या गोठ्यावरचे पत्रे आम्हीच काढले, एका दिवसात. सगळे ठणठणीत आहोत. शाळेला आधीच पैसे नसतात, त्यात प्रयोगशाळा आणि पंप.

धागाकर्ती

दादा, गोठा तुमचा होता, निर्णयही तुमचा होता. इथे दुसऱ्यांची पोरं आहेत आणि रोजंदारीवर वर चढणारी माणसं आहेत. त्यांना कुणी विचारलेलंच नाही.

कॉलरच्या पंपाबद्दल आणि फ्रान्सच्या तीन कामांबद्दल मनापासून आभार. हे दोन मुद्दे मी जसेच्या तसे समितीत मांडणार आहे. एक शंका: समजा ठेकेदार चाचणीला तयार झाला, तर आमच्याच छतावर करू द्यावी का?

प्रतिसाद (पहिलाच पुन्हा)

अजिबात नको. शाळा म्हणजे त्याची प्रयोगशाळा नव्हे.

नीट विचार करा. पत्रा साधारण ६ मिमी जाड. फवारा वरच्या बाजूने, फार तर वरच्या थरात मुरेल. खालची बाजू कोरडीच. ग्राइंडर फिरला की आतला, रसायन न लागलेला भाग उघडा पडतो आणि त्याचं पीठ होऊन उडतं. चाचणी न करताही एवढं कळतं. रसायन वाईटच असेल असं नाही, झिजलेल्या पृष्ठभागावरचे सुटे तंतू ते धरूनही ठेवेल. पण ते जास्तीचं संरक्षण झालं. मास्क आणि पाणी यांची जागा ते घेऊ शकत नाही.

तुमच्या कामाला नव्या पद्धतीची गरजच नाही. जुनी, जगभर वापरातली पद्धत पुरेशी आहे: बारीक फवाऱ्याने पत्रा ओला ठेवायचा, जोराच्या प्रेशरने धुवायचा नाही. गंजलेला बोल्ट बोल्ट-कटरने तोडायचा, पत्रा कापायचा नाही. अख्खा पत्रा दोघातिघांनी हातोहात खाली घ्यायचा आणि जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून चिकटपट्टी लावायची. एफएफपी३ दर्जाचा (अगदी बारीक धूळही अडवणारा) मास्क, वापरून टाकायचे कपडे. झाडू बंद, ओल्या फडक्याने पुसायचं. पन्हळीत साचलेला गाळ विसरू नका, वर्षानुवर्षं झिजलेले तंतू त्यातच उतरलेले असतात. बालवाडी त्या दिवसांत बंद.

आणि सगळ्यात आधी: कुणीही थेट पत्र्यावर पाय देणार नाही. जुना पत्रा वरून मजबूत दिसतो आणि माणसासकट खाली येतो. परांची बांधून खालून काम करा, वर जायचंच तर फळ्या टाकून.

प्रतिसाद

विल्हेवाटीचं आधी ठरवा, पत्रे खाली आल्यावर नव्हे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तुमच्याकडच्या कार्यालयाला लेखी विचारा. घातक कचऱ्याची केंद्रं तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरीला आहेत, तुम्हाला रांजणगाव सोयीचं पडेल. ट्रॉलीवाल्याच्या भरवशावर सोडलंत तर पत्रे कुणाच्या तरी शेताच्या बांधावर जाऊन पडतील, नाहीतर एखाद्या गरिबाच्या झोपडीवर चढतील.

धागाकर्ती

खूप उपयोग झाला. आज मुख्याध्यापकांशी बोलले. ग्राइंडर नाही, फोडाफोडी नाही, हे कामाच्या करारातच लिहायचं ठरलंय. ठेकेदाराला रसायन फवारायचंच असेल तर त्याने जरूर फवारावं, पण बाकीचा सगळा बंदोबस्त कायम ठेवून. केंद्रीय श्रम संस्थेला आणि प्रदूषण मंडळाला द्यायच्या पत्रांचा मसुदा करते आहे. तयार झाला की इथे टाकते, चुका दाखवा.

काम चालू असताना बालवाडीच्या बाजूला एक आणि कामगाराच्या कॉलरला एक, अशी हवेची मोजणी आम्हाला करून घ्यायची आहे. सातारा, कोल्हापूर किंवा पुण्याकडची, ही चाचणी व्याप्तीत असलेली प्रयोगशाळा कुणाच्या माहितीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पंप भाड्याने मिळतो का, की त्यांचाच माणूस येतो, हेही कळलं तर बरं होईल.