ग्रंथी, गाठ की गांधी?

मेढेकर:
महाबळेश्वरजवळ मांघरला (2022 मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं ते) मामांकडे गेलो होतो. त्यांच्या सातेरी मधमाश्यांच्या पेट्या आहेत. प्रशिक्षणाच्या तक्त्यातला 'मेणग्रंथी' हा शब्द वाचून दाखवला, तर मामा म्हणाले, "मेणगांधी? आरं, गांधी आपल्या अंगावर उठत्यात, माशीच्या कुठनं?" मग एक मेलेली माशी उताणी करून दाखवली. पोटाखालच्या खवल्यांच्या फटीतून अभ्रकाच्या कपचीसारखे मेणाचे पापुद्रे डोकावत होते. गाठ म्हणावी असं काहीच नाही. मग याला ग्रंथी का म्हणायचं?

जुनी वही:
'ग्रंथि' म्हणजे गाठच. प्राकृतात 'गंठि' आणि मराठीत 'गाठ', एकच शब्द झिजत आला. पानं ओवून बांधलेला 'ग्रंथ'ही याच धातूचा. जुन्या पुस्तकांत 'पिंड' असायचं, 'लाळोत्पादक पिंड' वगैरे. (हिंदीवाले न्यूनगंडालाही ग्रंथि म्हणतात, आपण तिथे गंड वापरतो, ते बरं.) माणसाच्या काही ग्रंथी सुजल्या की हाताला गाठीच लागतात, त्यामुळे तिथे शब्द चपखल बसतो. मधमाशीच्या मेणग्रंथी म्हणजे मात्र खवल्यांच्या आतल्या अंगाला असलेला त्वचेच्या पेशींचा थर. चार जोड्या असतात. कामकरी माशी साधारण दोन आठवड्यांची होते तेव्हा हा थर जाड होतो, मेणाचं वय सरलं की पातळ पडतो. म्हणजे मामांचं बरोबर आहे, गाठ नाहीच.

तासगावकर:
सगळ्याच सपाट नसतात हो. कॉलेजात मधमाशीच्या डोक्यातली ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती. लांबच लांब दोरा गुंडाळी करून कोंबलेला आणि त्याला दोन्ही अंगांनी बारीक मणी चिकटलेले. आमच्याकडचा द्राक्षाचा घड आठवला, पण खरं तर ती लसणाची वेणी जास्त वाटते. दाई माशी अळ्यांना भरवते त्या रॉयल जेलीचा मोठा भाग इथलाच. तीच माशी पुढे बाहेर जाऊ लागली की त्याच मण्यांतून मकरंदातली साखर फोडणारं विकर (एन्झाइम) येतं. ग्रंथी तीच, काम बदललं. इथे 'गाठी' म्हटलं तर मला चालेल.

मेढेकर:
आणि वासाच्या?

तासगावकर:
शेपटाच्या टोकाजवळ पाठीवर एक आहे, नॅसोनोव्ह ग्रंथी. माशी दारात शेपूट वर करून पंख हलवते तेव्हा तिथून वास सुटतो, भरकटलेल्यांना घर सापडावं म्हणून. त्यात गवती चहाच्या वासातली द्रव्यं असतात. नांगीजवळच्या ग्रंथीचा वास मात्र पिकल्या केळ्याचा, तो धोक्याचा. एकीने नांगी मारली की बाकीच्या तिथेच धावतात. केळं खाऊन पेटी उघडू नये म्हणतात ते उगीच नाही.

मेढेकर:
मामांना फोन केला. विचारलं, तुम्ही काय म्हणता याला? म्हणाले, "कशाला काय? मेण सुटतं. वास सोडत्यात. पिल्लांना पाजत्यात." ग्रंथीसाठी नाम एकही नाही, सगळी क्रियापदंच!

जुनी वही:
मग तक्त्यात 'मेणग्रंथी'च ठेवा, नाहीतर परीक्षेत पोरांचे मार्क जायचे. खाली बारीक अक्षरात लिहा, 'जिथून मेण सुटतं ती जागा'.