११ वेळा आमदार : गणपतआबांच्या निष्ठेची किंमत सांगोल्याने मोजली का?

महूदकर
गणपतराव देशमुख गेले त्याला ३० जुलैला वर्षं मोजत असतो आम्ही सांगोल्याची माणसं. १९६२ ला पहिल्यांदा निवडून आले, २०१९ ला स्वतःहून थांबले. एक तालुका, एक पक्ष, लाल बावटा. मधे दोनदाच पडले, १९७२ आणि १९९५ ला. प्रामाणिकपणाबद्दल ब्र काढणार नाही. पण मनात आहे ते बोलतो. शेतकरी कामगार पक्ष पुढे पुढे दोन-चार आमदारांचा उरला, तरी आबा तिथेच राहिले. मंत्री झाले ते १९७८ च्या शरद पवारांच्या पुलोद आघाडी सरकारमध्ये आणि १९९९ ला विलासरावांच्या सरकारात. दोन्ही मिळून ५ वर्षंसुद्धा भरत नाहीत. बारामती-अकलूजकडे पाणी, कारखाने गेले आणि आम्ही टँकरची वाट बघत बसलो. २००३ च्या दुष्काळात टँकर विहिरीत रिकामा व्हायचा आणि आई पहिली कळशी मिळावी म्हणून पहाटेपासून काठावर बसायची. दोराने तिच्या तळहाताला पडलेले घट्टे अजून आहेत. आमदार सत्तेतल्या मोठ्या पक्षात असता तर हे २० वर्षं आधी संपलं असतं, असं माझं ठाम मत आहे.

गिरणीवाल्याची_लेक
दादा, आईचं वाचून गलबललं. पण हिशेब चुकतोय. सत्तेतल्या पक्षांचे आमदार असलेले दुष्काळी तालुके काय कमी होते? माण, खटाव, जत, आटपाडी, तिथे कुठे लवकर पाणी आलं? आणि आपल्याकडे कापूस पिकत नाही, तरी आबांनी सहकारी सूतगिरणी उभी केली आणि चालवून दाखवली. माझे वडील तिथे सूत कातायच्या यंत्रावर, रिंग फ्रेमवर होते. पाळी संपवून यायचे तेव्हा भुवयांवर, कानाच्या पाळीवर कापसाचं तूस असायचं, आजी पदराने झटकायची. त्या पगारावर आम्ही दोघी बहिणी शिकलो. राज्यातल्या किती सहकारी सूतगिरण्या नुसत्या भागभांडवल घेऊन झोपल्या ते एकदा मोजा. संस्था हातात असून घरचं भरलं नाही, हा साधेपणाचा भाग नव्हे, हे काम आहे. सगळे आबांच्या एसटी प्रवासाचंच कौतुक करतात, मला ते अपुरं वाटतं.

महूदकर
ताई, गिरणीचं मान्य, शंभर टक्के. पण पाण्याचं ऐका. कराडजवळ कृष्णेतून पाणी उचलून आपल्या दुष्काळी पट्ट्याला देणाऱ्या टेंभू योजनेला मंजुरी मिळाली १९९६ ला. तेव्हा राज्य शिवसेना-भाजप युतीचं होतं आणि आबा आमदारही नव्हते! म्हणजे जे एवढी वर्षं विधानसभेत भांडून झालं नाही, ते सरकारने मनावर घेतल्यावर झालं.

कोरडवाहू
अर्धंच सांगताय. सरकारने मनावर घेतलं कारण बच्छावत लवादाने वाट्याला दिलेलं कृष्णेचं पाणी २००० पर्यंत वापरात आणलं नाही तर फेरवाटपात हातचं जाईल अशी धास्ती होती. कृष्णा खोरे महामंडळ त्या घाईतूनच १९९६ ला निघालं. पण ते पाणी उचलून दुष्काळी पट्ट्यालाच द्या, हा रेटा कुणाचा? आटपाडीला स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी आणि गणपतआबांची पाणी परिषद भरायची. मी वडिलांबरोबर जायचो. भाकरी फडक्यात बांधून माणसं यायची, कुणी गाडी पाठवलेली नसायची. निवडणूक हरलेला माणूस मांडवात बसून कुठल्या तालुक्याला किती पाणी ते आकड्यांत सांगत होता. मंजुरीनंतर पैशाअभावी काम रखडलं तेव्हाही परिषद थांबली नाही.

पेणकर
आमच्या रायगडातही हाच पक्ष, म्हणून लिहिते. २००२ ला शेकापने विलासराव सरकारचा पाठिंबा काढला, वाद रायगडातल्या राजकारणाचा होता. सांगोल्याचा त्यात काडीचा संबंध नव्हता, तरी आबांचं मंत्रिपद त्यात गेलं. निष्ठा म्हणून मान झुकते. पण सांगोल्याच्या मतदाराला कुणी विचारलं का? इथे मी महूदकरांच्या बाजूने आहे.

गिरणीवाल्याची_लेक
विचारलं की! २००४, २००९, २०१४. तिन्ही वेळा लोकांनी निवडून दिलं. आम्ही काय अडाणी म्हणून मत देत होतो?

पेणकर
मग २०१९ ला उमेदवार घरातूनच का? नातू उभा राहिला, ७६८ मतांनी पडला. २०२४ ला दुसरा नातू निवडून आला. ५० वर्षांत बाहेरचा एक कार्यकर्ता तयार होऊ नये?

कोरडवाहू
२०१९ ला आधी बाहेरचंच नाव जाहीर झालं होतं. कार्यकर्त्यांनीच ते चालू दिलं नाही, आबांच्या घरातलाच पाहिजे म्हणून हटून बसले.

महूदकर
माझं दुखणं तेच आहे, कोरडवाहू. त्या हटून बसलेल्यांत माझा सख्खा चुलता होता. ४० वर्षं बावटा खांद्यावर, गावात शाखा त्यानेच काढली. त्याला म्हटलं, काका, तुम्हीच का नाही मागत तिकीट? तर म्हणाला, "आबांच्या खुर्चीत मी?"