मदत हवी आहे : आई-बाबांना पुणे-बंगळुरू स्वस्त विमान खरंच परवडेल का?

ताईचं बाळंतपण आहे, पुढच्या महिन्यात आई-बाबांना साताऱ्याहून बंगळुरूला पाठवायचंय. तिकीट माणशी ३,४०० दिसतंय. पण मागच्या वेळी पोळले आहे. काउंटरवर आईची बॅग १९ किलो भरली, मर्यादा १५ ची. वरच्या ४ किलोंचे सव्वादोन हजार मोजले! आई तिथेच जमिनीवर बसून डिंकाच्या लाडवांचा डबा काढून बाबांच्या पिशवीत कोंबत होती. फार वाईट वाटलं.

आता हिशोब मांडलाय. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे मधल्या वाटेकडची सीट हवी, तिचे वेगळे पैसे. कन्व्हीनियन्स फी वेगळी. पहाटे ५:४० चं विमान, म्हणजे रात्रीच लोहगावला जायचं, साताऱ्याहून गाडीचे साडेतीन हजार. तिकडे देवनहळ्ळीच्या विमानतळाहून जयनगरपर्यंत पुन्हा टॅक्सी.

दोघांचं तिकीट एकाच पीएनआरवर असेल तर सामानाचं वजन एकत्र धरतात का? जादा किलो आधीच ऑनलाइन घेतले तर किती फरक पडतो? व्हीलचेअर मागितली तर पैसे पडतात का? की सरळ पुण्याहून उद्यान एक्स्प्रेसचं एसी तिकीट काढू? बाबा म्हणतात रेल्वेच बरी, पण एवढा वेळ आईला बसवेल का, याची काळजी वाटते.

ज्येष्ठांना असं पाठवलेल्यांनी कृपया अनुभव सांगा. रविवारी बुकिंग करायचंय.