स्टेलारिस: शेजारी युद्धाच्या तयारीत आणि माझ्याकडे अलॉयच नाहीत, मदत हवी आहे

खगोलभटक्या

नमस्कार मंडळी, इथे स्टेलारिस (अंतराळात साम्राज्य उभारायचा कॉम्प्युटर गेम) खेळणारं कोणी आहे का? असाल तर जरा हात द्या, कारण व्हिडिओ बघून बघून डोक्याचा पार भुगा झालाय, प्रत्येक जण वेगळ्याच व्हर्जनवर खेळतोय आणि तो जे बटण दाबा म्हणतो ते माझ्या स्क्रीनवर नसतंच. मी मुद्दाम ३.१४ वर थांबलोय (स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमधल्या बीटा टॅबमधून जुनं व्हर्जन ठेवता येतं, ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी), २०२५ मध्ये ४.० आलं त्यात लोकसंख्येचा आणि ट्रेडचा सगळा हिशोबच बदलला, तो आता नव्याने शिकायचा उत्साह नाहीये.

तर परिस्थिती अशी आहे. साल २२३८, डिफिकल्टी एन्साइन. माझं राज्य झेनोफाइल-इगॅलिटेरियन (परक्यांशी मैत्री आणि समता मानणारं), भांडणाची अजिबात हौस नाही. चार कॉलनी, बाविसेक सिस्टिम (तारा आणि त्याचे ग्रह), सायन्स बरं चाललंय. मिनरल्स ९००० पडून आहेत, एनर्जी ७०००, अन्न तर इतकं आहे की बघायलाच जात नाही. पण अलॉय (जहाजं आणि तळ बांधायला लागणारा मिश्रधातू) महिन्याला जेमतेम १४ येतात आणि कन्झ्युमर गुड्स (लोकांच्या वापराच्या वस्तू) कसेबसे प्लसमध्ये.

आता उत्तरेला जो शेजारी आहे तो मिलिटरिस्ट (युद्धखोर) आणि वर झेनोफोब (परक्यांचा द्वेष करणारा), म्हणजे आम्ही एकमेकांना आवडणार नाही हे पहिल्या भेटीतच ठरलेलं. त्याने मला रायव्हल जाहीर केलंय, माझ्या सीमेवरच्या सिस्टिमवर क्लेम (हक्काचा दावा) टाकायला सुरुवात केलीये, आणि त्याचं आरमार माझ्यापेक्षा 'सुपिरियर' दिसतंय. माझ्याकडे १६ कॉर्व्हेट (सगळ्यात छोटी युद्धनौका) आणि ३ डिस्ट्रॉयर (त्याहून मोठी). त्याच्या बाजूने माझ्याकडे यायला दोनच वाटा आहेत, त्यातल्या एका वाटेवर पल्सार ताऱ्याची सिस्टिम आहे (माझ्याच ताब्यात). दक्षिणेचे शेजारी व्यापारी वृत्तीचे, आमचं बरं जमतं पण करार वगैरे काही नाही.

विचारायचंय ते असं की अलॉय वाढवायचे कसे, आणि जे थोडेफार येतात ते स्टारबेसवर (सिस्टिममधला जागेवरचा तळ) घालू की जहाजांवर? सायन्स थोडे दिवस बंद ठेवून सगळी माणसं कारखान्यात लावू का? आणि जहाजाचं डिझाइन गेम आपोआप बनवून देतो तेच चालतं का, की त्यात डोकं घालायलाच हवं? गेम परत पहिल्यापासून सुरू करा असं कृपया सांगू नका, हे राज्य आवडलंय.

धूमकेतू७

आहोत की. आणि तुमची गोष्ट वाचून हसू आलं, कारण ९००० मिनरल्स आणि ७००० एनर्जी असलेला माणूस गरीब नसतो हो, त्याचा माल फक्त चुकीच्या गोदामात पडलाय. या गेममध्ये साठा हा गुण नाही. मिनरल्स तुमच्यासाठी लढणार नाहीत, अलॉय लढतील.

हिशोब बघा. एक मेटॅलर्जिस्ट (अलॉय बनवणारा कामगार) महिन्याला ६ मिनरल्स खातो आणि ३ अलॉय देतो. म्हणजे मिनरल्सची तुम्हाला काळजीच नाही, माणसं आणि जागा कमी आहेत. इंडस्ट्रियल डिस्ट्रिक्ट बांधला की साधारणपणे एक मेटॅलर्जिस्ट आणि एक आर्टिसन (कन्झ्युमर गुड्स बनवणारा) अशी विभागणी होते, पण कॉलनीचं डेझिग्नेशन (ती कशासाठी राखायची ते) हाताने बदलून फोर्ज वर्ल्ड केलं की दोन्ही जागा मेटॅलर्जिस्टच्या होतात. चारपैकी जी कॉलनी सगळ्यात मोठी असेल तिच्यावर हे आत्ताच्या आत्ता करा, आपोआप ठरवण्यावर सोडलं तर गेम काय वाट्टेल ते निवडतो. मात्र कन्झ्युमर गुड्सकडे लक्ष ठेवा, एकेक रिसर्चर महिन्याला २ गुड्स खातो, ते मायनसमध्ये गेले की लोक नाराज, स्टॅबिलिटी खाली, आणि स्टॅबिलिटी ५० च्या खाली गेली की उत्पादनालाच कात्री लागते. मग अलॉयसुद्धा कमीच येणार, सगळं मुसळ केरात.

राजधानीत क्लर्कच्या जागा किती भरल्यात ते बघा. पॉप्युलेशनच्या टॅबमध्ये त्या जागा कमी करता येतात, क्लर्क बंद केले की ती माणसं दुसरीकडे कामाला लागतात. क्लर्क म्हणजे बसून पगार. (पण अमेनिटीज, म्हणजे लोकांच्या सुखसोयी, मायनसमध्ये नाहीत ना ते आधी बघा, थोड्या अमेनिटीज तेही देतात.)

आणि मार्केट! मार्केटमध्ये अलॉयचा मूळ भाव ४ एनर्जी आहे, त्यावर ३० टक्के फी, म्हणजे साधारण ५.२ ला एक. एकदम हजार घ्यायला जाऊ नका, प्रत्येक खरेदीला भाव चढतो आणि शेवटचे शंभर तुम्हाला सोन्याच्या भावात पडतील. त्याऐवजी मंथली ट्रेड लावा, महिन्याला १५-२० अलॉय घ्यायचे आणि ४०-५० मिनरल्स विकायचे, भाव फारसा हलत नाही. अन्न पण विका, बघायलाच जात नाही म्हणताय ना. एवढं केलंत तरी महिन्याचे अलॉय दुपटीच्या वर जातील, तेही एकही नवीन इमारत न बांधता.

सायन्स बंद करू नका. ते परत सुरू करायला जितका वेळ जातो तितक्यात शेजारी पुढची टेक घेऊन येतो. नवीन लॅब बांधणं थांबवा फक्त.

रॉकेटबाई

धूमकेतूंना मार्केटच्या बाबतीत +१. पण स्टारबेसवर अलॉय घालू नका असं माझं स्पष्ट मत आहे. स्टारबेस जागचा हलत नाही, जहाज हलतं. एआय (कॉम्प्युटर चालवतो तो शेजारी) एका वाटेवर तुमचा मोठा बेस बघतो आणि दुसऱ्या वाटेने येतो, मग बसा तोफा पुसत. मी तर २२१० च्या आसपासच वीसेक कॉर्व्हेट काढून शेजाऱ्याची राजधानी घ्यायला निघते, तेव्हा त्याच्याकडे काही नसतं आणि त्याची सगळी लोकसंख्या फुकट मिळते. तुमच्या बाबतीत ती वेळ गेली हे खरं, पण तत्त्व तेच. सगळे अलॉय जहाजांत.

नेव्हल कपॅसिटी (किती आरमार पोसता येतं ती मर्यादा) किती उरलीये? कॉर्व्हेट १ जागा घेते, डिस्ट्रॉयर २, म्हणजे तुम्ही २२ वर आहात. मर्यादेच्या वर गेलं की सगळ्या आरमाराचा खर्च वाढतो, त्यामुळे सीमेपासून लांब असलेल्या एका स्टारबेसवर शिपयार्डऐवजी अँकरेज (ही मर्यादा वाढवणारं मॉड्यूल) टाका. तेवढा एक स्टारबेस मला मान्य आहे :)

काळं_विवर

रॉकेटबाई, तुमचा मुद्दा मोकळ्या मैदानात बरोबर आहे, पण यांच्याकडे दोनच वाटा आहेत हो! २०१८ मध्ये २.० आलं तेव्हापासून सगळ्यांनाच हायपरलेनवरूनच (सिस्टिम जोडणाऱ्या ठरलेल्या वाटा) जावं लागतं, त्यामुळे चिंचोळ्या जागी अडवणं हे या गेमचं निम्मं काम आहे. आणि वर पल्सार, म्हणजे देवच पावला.

खगोलभटक्या, पल्सारच्या सिस्टिममध्ये शील्ड (ऊर्जेचं कवच) चालतच नाही. कोणाचंच नाही, तुमचंही नाही त्याचंही नाही. एआयची जहाजं बहुतेक वेळा अर्धी शील्ड अर्धं आर्मर अशी असतात, म्हणजे तो तिथे शिरला की त्याचं अर्धं चिलखत गळून पडलं. तुम्ही आधीच शील्ड काढून सगळं आर्मर लावलेलं असेल तर तेवढ्याच अलॉयमध्ये तुमचं जहाज त्याच्या जहाजाला भारी पडतं. शस्त्रांचंही तसंच, लेझर आर्मरवर चांगलं चालतं आणि शील्डवर कमी, कायनेटिक (गोळे मारणाऱ्या तोफा) बरोबर उलटं. पल्सारमध्ये शील्डच नाही म्हटल्यावर कायनेटिक कशाला ठेवायचं, सगळं लेझर.

मग करायचं असं, पल्सारवरच्या आऊटपोस्टला (सगळ्यात छोटा स्टारबेस) वाढवून स्टारपोर्ट करा, जमलं तर त्याहून मोठा स्टारहोल्ड, सगळे मॉड्यूल गन बॅटरीचे. स्टारबेसवर डिफेन्स प्लॅटफॉर्म बसवाल तर त्यांचंही डिझाइन उघडून शील्ड काढा, हे लोक विसरतात. एफटीएल इन्हिबिटरची टेक दिसली तर आधी ती घ्या, त्यामुळे शत्रूला तुमचा बेस तसाच ओलांडून आत घुसता येत नाही, आधी तो पाडावा लागतो. दुसऱ्या वाटेवर मोठं काही करू नका, तिथे आहे तो आऊटपोस्टच राहू दे.

आरमार मात्र पल्सारच्या एक सिस्टिम मागे उभं करा, पल्सारमध्ये नाही. तो येऊन बेसशी भिडला की मग आत शिरायचं. आधीपासून तिथेच ठेवलंत तर एआयला बेस आणि आरमार दोन्हीची ताकद एकत्र दिसते आणि तो दुसऱ्या वाटेने जातो, इथपर्यंत रॉकेटबाईंचं बरोबर आहे. मागच्या सिस्टिममधून दोन्ही वाटांवर पटकन पोहोचता येईल अशी जागा शोधा.

आपोआप डिझाइनचं विचारलंत, तर तो टिक काढूनच टाका. ते डिझाइन सगळ्यातलं थोडं थोडं घेतं आणि कशालाच पुरत नाही. आणि फ्लीट पॉवरचा (आरमाराच्या ताकदीचा) आकडा बघून घाबरू नका, त्या आकड्याला पल्सार कळत नाही, कोणतं शस्त्र कशावर चालतं तेही कळत नाही.

ध्रुवतारा

सगळे तोफांवरच बोलताय. दक्षिणेच्या शेजाऱ्याचं कोणी काहीच म्हणत नाहीये.

एआय हल्ला करायचा की नाही हे ठरवताना समोरच्याची ताकद मोजतो, आणि त्यात तुमच्या बाजूने कोण उभं राहणार तेही धरतो. एक दूत आत्ताच दक्षिणेला संबंध सुधारायला पाठवा. मग आधी अनाक्रमण करार करा, करार टिकला की दर महिन्याला विश्वास आपोआप वाढत जातो, आणि पुरेसा वाढला की संरक्षण करार मागा. करारांना महिन्याला थोडा इन्फ्लुएन्स (राजकीय वजन, गेममध्ये ते खर्च करता येतं) जातो, तो जाऊ दे, पुढची दोन-तीन वर्षं नवीन आऊटपोस्ट नका टाकू. तसंही एम्पायर साइझ १०० च्या वर गेली की टेक आणि ट्रॅडिशन (राज्याला फायदे देणाऱ्या परंपरा) दोन्ही महाग होत जातात, त्यामुळे दिसेल ती सिस्टिम घ्यायची घाई नकोच.

शेजाऱ्यालाही उलट रायव्हल जाहीर करा, इन्फ्लुएन्स मिळतो. तो तसाही चिडलेलाच आहे, अजून काय चिडणार.

अवांतर: ट्रॅडिशन कुठल्या घेतल्यात ते लिहिलं नाहीत. डिस्कव्हरी संपली असेल तर पुढची सुप्रीमसी (लष्करी ट्रॅडिशन) घ्या, शांतताप्रिय राज्यालासुद्धा ती लागते.

खगोलभटक्या

बाप रे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे खूप आभार. मंथली ट्रेड हा प्रकार तिथे आहे हेच माहीत नव्हतं, तो टॅब मी कधी उघडलाच नव्हता. क्लर्क बघितले तर राजधानीत आठ निघाले! फोर्ज वर्ल्ड केलं, आता खरेदी धरून अलॉय महिन्याला ४१ दिसतायत. पल्सारवर स्टारपोर्ट सुरू केलाय, आर्मरवाली लेझर कॉर्व्हेट बनवली आणि जुन्या जहाजांना अपग्रेडला पाठवलंय. दूत दक्षिणेला रवाना.

डिस्कव्हरी संपायला एक बाकी आहे, मग सुप्रीमसी.

एक शंका राहिली. समजा त्याने युद्ध पुकारलंच आणि मी पल्सारवर त्याला फोडलं, तर पुढे काय करायचं? मला त्याची राजधानी नकोय, तिथे पोहोचेपर्यंत आर्मी, ट्रान्सपोर्ट वगैरे भानगडी, त्या मला झेपणार नाहीत. नुसतं बसून राहिलं तर युद्ध संपतं का?

रॉकेटबाई

झेपणार नाहीत काय, पाच असॉल्ट आर्मी आणि... बरं राहू दे, तुमचं राज्य तुमच्या पद्धतीने :)

काळं_विवर

संपतं. दोन्ही बाजूंची वॉर एक्झॉशन (युद्धाचा थकवा) वाढत जाते, ज्याची जहाजं जास्त फुटतात त्याची भराभर वाढते. एखाद्याची १०० टक्क्यांवर गेली की तिथून २४ महिन्यांनी समोरच्याला त्याच्यावर स्टेटस को ('जैसे थे' वर युद्ध थांबवणं) लादता येतो, आणि मग १० वर्षांचा तह. पण स्टेटस कोमध्ये ज्या सिस्टिमवर तुमचा क्लेम आहे आणि ज्या पूर्ण तुमच्या ताब्यात आहेत त्या तुम्हालाच मिळतात, म्हणून नुसतं बसू नका. बचाव करणाऱ्यालाही युद्ध चालू असताना क्लेम टाकता येतो. थोडा इन्फ्लुएन्स त्यासाठी बाजूला ठेवा, आणि त्याचं आरमार फुटलं की सीमेलगतच्या ज्या दोन-तीन सिस्टिममध्ये नुसतेच आऊटपोस्ट आहेत, वस्तीचा ग्रह नाही, त्यांच्यावर क्लेम टाकून तेवढ्याच घ्या. ग्रह नसेल तर आर्मी लागत नाही, आऊटपोस्ट पाडला की सिस्टिम ताब्यात.

आणि पल्सारमध्ये लढाई झाली की तिथे जहाजांचे अवशेष पडतात, सायन्स शिप पाठवून ते तपासायला विसरू नका. त्याच्याकडे असलेली आणि तुमच्याकडे नसलेली टेक त्यातून अर्धीमुर्धी फुकट मिळते.