विश्वेश्वरय्यांची मुंबई इलाख्यातली नोकरी

इंजिनिअर विश्वेश्वरय्यांबद्दलची चर्चा बहुतेक वेळा म्हैसूरजवळचं कृष्णराजसागर धरण आणि म्हैसूरची दिवाणगिरी यांभोवतीच फिरते, म्हणून थोडी भर घालतो. विश्वेश्वरय्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे, म्हणजे आत्ताच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजचे, विद्यार्थी, आणि १८८४ पासून १९०८ पर्यंत मुंबई इलाख्याच्या पीडब्ल्यूडीत (सार्वजनिक बांधकाम खात्यात) होते. असिस्टंट इंजिनिअर म्हणून सुरुवात नाशिककडे, मग खानदेश, सिंधमधलं सक्कर, सुरत, पुणे.

मला सगळ्यात भारी वाटतं ते पुण्याजवळच्या खडकवासला धरणाचं काम. पुण्याला पाणी कमी पडत होतं, धरणाची भिंत वाढवायची तर खर्च प्रचंड आणि जुन्या बांधकामावर जास्तीचा ताण, मग त्यांनी सांडव्यावर (धरणातलं जादा पाणी बाहेर पडतं तिथे) स्वयंचलित दारं बसवली (१९०३), पूर येऊन पाणी ठराविक पातळीच्या वर गेलं की दारं आपोआप उघडणार आणि उतरलं की परत बंद, म्हणजे भिंतीला हात न लावता साठा वाढला. हीच कल्पना पुढे ग्वाल्हेरजवळ तिगऱ्याच्या धरणाला वापरली, कृष्णराजसागरलाही.

नीरा कालव्यावरची ब्लॉक पद्धतही त्यांचीच, ऊस आणि बाकीची पिकं ठरलेल्या पट्ट्यांत आळीपाळीने घ्यायची, म्हणजे पाणी जास्त गावांना पुरतं.

इतकं करूनही चीफ इंजिनिअरची खुर्ची तेव्हा इंग्रजांनाच मिळायची, आणि त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली, हे वाचून अजून राग येतो.