बीटल्सच्या आधी किंक्स

पॉपमध्ये भारतीय रंग बीटल्सनीच आणला, असं म्हटलं जातं. सतारीपुरतं मान्य, सतार असलेलं त्यांचं ‘नॉर्वेजियन वुड’ हे गाणं डिसेंबर १९६५चं. पण किंक्स या इंग्लिश बँडचं ‘सी माय फ्रेंड्स’ त्याच वर्षी जुलैत आलं होतं. ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर जाताना बँड मुंबईत थांबला होता, तेव्हा पहाटे कामावर निघालेल्या कोळ्यांचं गाणं बँडचा गायक रे डेव्हिसच्या कानावर पडलं आणि त्यातून हे सुचलं, असं त्यानेच सांगितलंय.

गंमत म्हणजे यात सतार नाहीच! गिटारच तानपुऱ्यासारखी मागे घुमत राहते आणि रे नाकातून, आळसावल्यासारखा गातो. इंग्लंडात ते दहाव्या क्रमांकापर्यंतच पोचलं, माझ्या मते कमीच. ऐकाल तर हेडफोन लावून ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर ते घुमणं पार हरवतं.