खर्चकपातीचा पहिला घाव कंत्राटदारांवरच का?

धागाकर्ता

सरकारी खर्चात कपात जाहीर झाली की चर्चा होते ती किती नोकऱ्या जाणार आणि कोणत्या योजना गुंडाळल्या जाणार याची. सरकारी खात्यांसाठी कंत्राटावर काम करणारे संगणकतज्ज्ञ, आरेखक, लेखापाल आणि छोटे बांधकाम व्यावसायिक यांची गणना यांपैकी कशातच होत नाही. वास्तविक कपातीचा पहिला घाव त्यांच्यावरच पडतो, कारण त्यांना थांबवायला काहीच करावे लागत नाही. कायम कर्मचाऱ्याला कमी करायचे म्हटले की सूचनेचा कालावधी, भरपाई, संघटनेशी बोलणी हे सगळे आले. कंत्राटदाराच्या बाबतीत मुदतवाढीच्या कागदावर सही झाली नाही की विषय संपला.

ब्रिटनमधला २०१० सालचा घटनाक्रम या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मे महिन्यात आघाडी सरकार सत्तेवर आले आणि दोन आठवड्यांच्या आत त्याने चालू वर्षाच्या खर्चातून ६.२ अब्ज पौंड कमी करण्याचे जाहीर केले. त्यात सल्लागारांवरील खर्च आणि नवे संगणक प्रकल्प अग्रभागी होते. चार वर्षांत ८१ अब्ज पौंडांची मोठी कपात अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी संसदेत मांडली ती २० ऑक्टोबरला. म्हणजे जिच्यावर देशभर वाद झाला ती कपात मांडली जाण्याच्या सुमारे पाच महिने आधीच कंत्राटी कामांचा ओघ आटू लागला होता, आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलले नव्हते.

कपात करूच नये असे माझे म्हणणे नाही. ती ज्या रीतीने केली जाते तिला माझा आक्षेप आहे. मुदत संपायला आठवडा उरलेला असतो, विचारणा केली की “प्रस्ताव वर गेला आहे” एवढेच उत्तर मिळते, आणि त्या आशेवर माणूस दुसरे काम घेत नाही. शेवटच्या दिवशी संगणकाचा परवलीचा शब्द चालेनासा होतो तेव्हा प्रस्तावाचे काय झाले ते कळते. स्पष्ट नकार महिनाभर आधी मिळाला असता तर तोच माणूस एव्हाना दुसरीकडे रुजू झाला असता.

हिशेबनीस

धागाकर्त्यांचा सूर सहानुभूतीचा आहे, परंतु त्यात व्यवहाराची एक बाजू सुटली आहे. कंत्राटदाराला कर्मचाऱ्यापेक्षा जास्त दर मिळतो तो कशासाठी? रजा नाही, निवृत्तिवेतन नाही आणि कामाची शाश्वती नाही, या अनिश्चिततेची किंमत त्या दरात आधीच धरलेली असते. ती किंमत वर्षानुवर्षे घ्यायची आणि अनिश्चितता प्रत्यक्षात समोर आली की अन्याय झाला म्हणायचे, हे करदात्याला पटणारे नाही.

दुसरे असे की कपातीमुळे कंत्राटी काम नेहमी घटतेच असे इतिहास सांगत नाही. अमेरिकेत १९९४ साली केंद्र सरकारची २,७२,९०० पदे कमी करण्याचा कायदा झाला. पदे गेली, पण ती कामे काही गेली नाहीत, आणि त्यांतील बरीचशी बाहेरच्या कंपन्यांकडे वळली. माणसे नेमण्यावर बंदी आली की खातेप्रमुख कंत्राटाकडेच वळतो, कारण वेतनाचे लेखाशीर्ष वेगळे आणि सेवाखरेदीचे वेगळे असते. ब्रिटनमध्येही त्याच काटकसरीच्या काळात सरकारी खरेदीतील २५ टक्के वाटा छोट्या आणि मध्यम व्यवसायांना मिळावा असे उद्दिष्ट ठरले, आणि २०१२ मध्ये संगणकसेवांच्या खरेदीसाठी जी-क्लाउड ही व्यवस्था सुरू झाली. मोजक्या बड्या पुरवठादारांची मक्तेदारी मोडायला पैशांची चणचण उपयोगी पडली, हेही मान्य करायला हवे.

मध्यस्थ

मी कंत्राटी माणसांना कामे मिळवून देण्याच्या व्यवसायात बरीच वर्षे आहे, त्यामुळे बाजाराच्या बाजूने थोडे लिहितो.

हिशेबनीस म्हणतात ते पदे कमी करण्याच्या बाबतीत खरे आहे, खर्च गोठवण्याच्या बाबतीत मुळीच नाही, आणि या दोन्ही गोष्टी सहसा एकाच वेळी येत नाहीत. आधी खर्च गोठतो, बाहेरचे काम थांबते. पदे कमी होऊन ते काम पुन्हा बाहेर पडायला दोन-तीन वर्षे जातात. एवढा काळ घर चालवण्याइतकी शिल्लक असणारे कंत्राटदार थोडेच असतात.

गोठवण्याच्या त्या पहिल्या काही महिन्यांत एकाच प्रकारचे कौशल्य असलेली शेकडो माणसे एकाच आठवड्यात बाजारात उतरतात. एका जागेसाठी आमच्याकडे एरवी मोजके अर्ज येतात, ते तेव्हा वाचून संपत नाहीत. खाजगी कंपन्यांना हे ठाऊक असते, त्यामुळे त्या दर पाडून मागतात आणि तो दर स्वीकारणारा कोणीतरी मिळतोच. त्यातही ज्यांची सारी कारकीर्द सरकारी खात्यांत गेली त्यांची अडचण अधिक असते. सरकारी लेखासंहिता, निविदा प्रक्रिया किंवा एखादी जुनी करप्रणाली यांचे त्यांचे ज्ञान खरोखर दुर्मीळ असते, पण त्याला गिऱ्हाईक एकच, आणि नेमके तेच बाजारातून उठून गेलेले असते.

खाजगी क्षेत्र ही माणसे सामावून घेईल, या गृहीतकावरही एक शब्द. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या ऑलिव्हिये ब्लांशार आणि डॅनियल ली या अर्थतज्ज्ञांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की आर्थिक संकटाच्या सुरुवातीच्या काळातील अंदाजांत खर्चकपातीचा उत्पादनावर होणारा परिणाम कमी धरला गेला होता. सरकार हात आखडता घेते तेव्हा खाजगी ग्राहकही बहुधा तेच करत असतो. मग सामावून घेणार कोण?

उपकंत्राटदार

वरची चर्चा टेबलावर बसून काम करणाऱ्यांची झाली. आम्ही बांधकामातले. आमच्याकडे काम एकाएकी बंद होण्यापेक्षा ते तोट्यात चालू राहणे जास्त घातक ठरते.

निविदा कमी निघू लागल्या की जो तो यंत्रे आणि माणसे बसून राहू नयेत म्हणून मूळ खर्चाच्याही खाली दर भरतो. सर्वांत कमी दराला काम देण्याची पद्धत असल्यामुळे ते काम त्यालाच मिळते. मुख्य कंत्राटदार तो खड्डा भरून काढतो तो आमची बिले लांबवून. जानेवारी २०१८ मध्ये ब्रिटनची कॅरिलियन ही बांधकाम आणि सेवाक्षेत्रातील कंपनी कोसळली तेव्हा तिच्याकडे सुमारे ४५० सरकारी कंत्राटे होती, देणी सुमारे ७ अब्ज पौंडांची होती आणि पुरवठादारांना पैसे देण्याची तिची मुदत १२० दिवसांपर्यंत ताणलेली होती. तिला माल आणि माणसे पुरवणारे सुमारे ३०,००० व्यवसाय होते. कमीत कमी पैशांत काम करून घेण्याच्या आग्रहापायी सरकारने कंत्राटदारांवर न पेलणारी जोखीम लादली, असा ठपका त्याच वर्षी तिथल्या संसदीय समितीने ठेवला.

अनिश्चिततेची किंमत दरात धरलेली असते, असे हिशेबनीस लिहितात. मुख्य कंत्राटदाराच्या दरात ती असेलही. आमच्या वाट्याला अनिश्चितता पूर्ण येते, किंमत येत नाही.

हिशेबनीस

कॅरिलियनच्या संचालकांनी कर्ज काढून लाभांश वाटत राहण्याचे जे उद्योग केले त्यांचे खापर खर्चकपातीवर फोडता येणार नाही. बाकी, एकाच ग्राहकावर सारा व्यवसाय उभा करू नये हे व्यापारातले जुने शहाणपण आहे. ग्राहक सरकार आहे म्हणून ते लागू होत नाही, असे समजण्याचे कारण मला दिसत नाही.

निवृत्त खरेदी अधिकारी

आपण सर्वांनी कंत्राटदाराच्या खिशाचा विचार केला. मी पलीकडच्या टेबलावर बसत होतो, म्हणून खात्याच्या खिशाबद्दल लिहितो. खर्च गोठवण्याचा आदेश येतो तेव्हा त्यात नवे काम आणि अर्धवट झालेले काम असा भेद केलेला नसतो. परिणामी, ज्या प्रणालीचा आराखडा, चाचण्या आणि त्रुटींची यादी एकाच कंत्राटी माणसाच्या डोक्यात आहे, त्याची तीन महिन्यांची मुदतवाढ आणि कोणाला तरी हव्या असलेल्या नव्या सल्लागाराची नेमणूक हे दोन्ही प्रस्ताव एकाच गठ्ठ्यात वर जातात. पूर्वी विभागप्रमुखाच्या सहीने भागत असे त्यासाठी मंत्र्यांपर्यंत जावे लागते. गठ्ठा परत येईपर्यंत तो माणूस गेलेला असतो, आणि पुढे केव्हातरी मोठ्या कंपनीमार्फत तोच माणूस चढ्या दराने परत येतो. त्या वर्षीच्या अहवालात ही बचत म्हणून दाखवलेली असते, आणि पुढच्या वर्षीचा वाढीव खर्च वेगळ्या शीर्षाखाली जात असल्यामुळे दोहोंची सांगड कोणी घालत नाही.

हिशेबनीसांनी अनिश्चिततेचा मुद्दा मांडला आहे, पण ती अनिश्चितता एकतर्फी असते याकडे त्यांचे लक्ष वेधावेसे वाटते. अमेरिकी केंद्र सरकारच्या करारांत शासनाच्या सोयीसाठी कंत्राट केव्हाही संपवण्याचे कलमच असते. झालेल्या कामाचे पैसे मिळतात, बुडालेल्या अपेक्षित नफ्याचे मिळत नाहीत. कंत्राटदाराला मात्र आपल्या सोयीसाठी असे बाहेर पडता येत नाही. तिथेच २०१८-१९ मध्ये निधीअभावी सरकारी कामकाज ३५ दिवस अंशतः बंद राहिले, तेव्हा कर्मचाऱ्यांना थकलेले वेतन मिळावे म्हणून खास कायदा झाला. त्याच इमारतींत सफाई आणि पहारा करणाऱ्या कंत्राटी कामगारांना त्या कायद्यातून काहीच मिळाले नाही.

धागाकर्ता

चर्चा नेमक्या जागी आली आहे. माझ्या दोनच मागण्या आहेत. खर्च गोठवण्याचा आदेश नव्या कामांना तत्काळ लागू व्हावा, चालू कामांना मात्र ठरावीक सूचनाकाळानंतर. आणि झालेल्या कामाचे बिल कपातीच्या नावाखाली अडवले जाऊ नये. दुसरी मागणी काही जगावेगळी नाही. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशानुसार सरकारी संस्थांनी सर्वसाधारणपणे ३० दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि उशीर झाल्यास व्याज लागते.

हिशेबनीस

बिलाची मागणी बिनशर्त मान्य. सूचनाकाळाची मान्य करायची तर एक अट आहे. शाश्वती वाढली की दर उतरला पाहिजे. आपल्यापैकी किती जण तीन महिन्यांच्या हमीसाठी दरात दहा टक्के सोडायला तयार आहेत?

मध्यस्थ

आमच्या नोंदीतले बरेच जण तयार होतील, विशेषतः ज्यांनी एक कपात पाहिली आहे ते. नवे लोक होणार नाहीत.

उपकंत्राटदार

आमच्याकडे दहा टक्के सोडण्याइतका नफाच नसतो, त्यामुळे या सौद्यात आम्ही बसत नाही. शिवाय सरकारने मुख्य कंत्राटदाराला ३० दिवसांत पैसे दिले तरी ते आमच्यापर्यंत तितक्याच दिवसांत पोहोचले की नाही हे कोण तपासणार, याचे उत्तर धागाकर्त्यांच्या दुसऱ्या मागणीत अजून आलेले नाही.